रुमालाखालचा हात

माझ्या बोटांनी मला न विचारता एक म्हैस विकत घेतली, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी घोडेगावच्या बाजारात म्हशींचा दलाल. मिसरूड फुटल्यापासून हाच धंदा. ज्यांनी आमचा बाजार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे तोंडाने जे बोललं जातं ते सगळं नाटक असतं. ‘म्हैस न्हाई, दुधाचं धरण हाय’, ‘देतो का जाऊ’ हा आरडाओरडा भोवती जमलेल्यांसाठी. खरा सौदा रुमालाखाली होतो. दोन दलाल हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटं धरून किंमत ठरवतात. किती बोटं धरली त्यावर भाव, आणि बोटाचं पेर दाबलं की भाव थोडा चढवला असं समजायचं. तोंडी शब्द संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ. रुमालाखाली दिलेला शब्द मात्र मोडायचा नाही. जो मोडतो त्याच्या हातावर पुन्हा कोणी रुमाल टाकत नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर राहुरीकडचं एक गिऱ्हाईक होतं. माळकरी माणूस, पहाटेच घरी येऊन बसलेला. त्याच्यासमोर मला सकाळची घेता आली नाही. सकाळची म्हणजे हात स्थिर करण्यापुरती. तिला मी दारू म्हणतच नसे. चष्म्याला कोणी व्यसन म्हणतं का? तसंच ते, हाताचा चष्मा.

बाजारात समोरच्या बाजूने साळवेआण्णा होते. माझ्याहून वयाने मोठे, बाजारातले जुने दलाल. आम्ही रुमाल टाकला. मी बोटं धरली आणि माझा हात त्यांच्या हातात विजेच्या तारेसारखा थरथरायला लागला. पेरावर पेर दाबलं जात होतं, भाव चढत होता, आणि मी मात्र तोंडाने ‘लई महाग, लई महाग’ म्हणत होतो. रुमाल निघाला तेव्हा म्हशीचा मालक आनंदाने पागोटं सावरत होता आणि माझं गिऱ्हाईक केव्हाच चहाच्या टपरीकडे निघून गेलं होतं.

आण्णांनी माझ्या उघड्या हाताकडे पाहिलं. सगळं त्यांच्या लक्षात आलं. हळूच म्हणाले, “भानू, मोडू या ह्यो सौदा. मालकाला मी सांगतो.”

मोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मी छाती काढून म्हणालो, “रुमालाखालचा शब्द हाय आण्णा. भानुदास मोडत नसतो.”

आणि हात कापतात हे कबूल करण्यापेक्षा मी पदरचे पैसे भरून म्हैस घेऊन घरी आलो.

पाहुणी

विमल, म्हणजे माझी बायको, गोठ्यात होती. आमचं दूध डेअरीला घालते ती. घर चालतं ते तिच्या दुधावर, मी फक्त चालवल्यासारखा दिसतो.

“ही कुनाची?”

“आपलीच. पुढच्या बाजारी काढू. पाहुणी समज.”

तिने म्हशीचे दात पाहिले, कास चाचपली, पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. दात न पाहताच म्हणाली, “म्हैस बरी हाय. आननाराचं काई खरं न्हाई.”

पाहुणी कडुनिंबाखाली बांधली गेली. निंब फुलला होता. बारीक पांढरा मोहोर तिच्या काळ्या पाठीवर पडत होता आणि ती रवंथ करत माझ्याकडे पाहत होती, अगदी चौकशीला बसलेल्या पंचासारखी.

दुसऱ्या दिवशी साळवेआण्णांनी मला टपरीवर बोलावलं. चहा सांगताना टपरीवाल्याला म्हणाले, “याचा कप अर्धाच भर.” भरलेला कप माझ्या हातात सांडतो हे त्यांनी ओळखलं होतं. अर्धा कप न सांडता तोंडापर्यंत गेला. इतक्या मोठ्या दयेला इतकं लहान माप मी पहिल्यांदाच पाहिलं.

“तुमाला कसं कळलं?” मी विचारलं.

“मी पन अर्ध्या कपातच चहा प्यायचो की. आमच्या वस्तीत लहानपनीच पंचशील पाठ करून घेत्यात. चार शीलं मी बिनतक्रार पार केली. पाचव्यापाशी, ते दारूचं, तितं गाडी जी अडकली ती निम्मं आयुष्य. आता निघाली. चल, तुला डॉक्टरकडं नेतो.”

“आण्णा, मी माझ्या मनानं सोडीन. उद्यापास्नं बंद.”

“तसंच करू नको,” ते एकदम गंभीर झाले. “माझा चुलतभाऊ असाच मनानं सोडायला बसला. तिसऱ्या दिवशी फिट आली. मर्दानगी डॉक्टरला विचारून करायची.”

ज्या दिवशी भाव फुटला

कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आम्ही अजून ‘नगरला जाऊन येतो’ असंच म्हणतो. तर नगरला गेलो. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी विचारलं, “रोज किती घेता?”

दलालाला कोणी किंमत विचारली की खरं सांगायचं नसतं. मी निम्मं सांगितलं.

बाईंनी मान वर न करता म्हटलं, “दुप्पट धरते.”

इतका चोख सौदा माझ्याशी आजवर कोणी केला नव्हता.

त्यांनी डोळे पाहिले, पोट दाबलं, हात पुढे करायला सांगितले. मी हात पुढे केले आणि टेबलावरच्या कागदांकडे बघत राहिलो. ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत असं वाटत होतं. रक्त तपासायला दिलं. आधी कधी फिट आली होती का, नसलेलं काही दिसलं होतं का, हेही विचारलं. मग म्हणाल्या, “तुम्हाला आजार आहे. वाईट सवय वगैरे म्हणून स्वतःला शिव्या देत बसू नका, आपण उपचार करू. रिपोर्ट बरे आले तर घरी राहूनही करता येईल. गोळ्या देईन, रोज मला येऊन दाखवायचं. पण तयारी होईपर्यंत अचानक बंद करायची नाही.”

दारू पिऊ नका सांगणारे मला आयुष्यभर भेटले. एकदम थांबू नका म्हणणारी ही पहिलीच बाई. मी आनंदाने आण्णांकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पायावर पाय दिला.

“आणि एक अट आहे,” बाई म्हणाल्या. “दिवसरात्र शेजारी एक न पिणारं माणूस हवं. गोळ्या त्याच्या ताब्यात. ताप आला, बोलणं भरकटलं, भास झाले, फिट आली, तर त्याने तुम्हाला लगेच इकडे आणायचं. असं माणूस नसेल तर मी घरी सुरू करणार नाही.”

“मग ॲडमिट करून घ्या.”

“तेही करते. पण सुटी झाल्यावर घरी कोण आहे, हा प्रश्न तुमच्याबरोबर परत जाईल.”

येताना आण्णांच्या गाडीच्या काचेतून उसाच्या बैलगाड्या, ढाबे, वेल्डिंगची दुकानं मागे जात होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाजारात दोनशे माणसं मला नावाने हाक मारतात. त्यातलं एक न पिणारं माणूस शोधायचं होतं.

माणूस बघणे

आधी विमलला विचारलं. ती धारा काढत होती. बादलीतला दुधाचा आवाज थांबला नाही.

“आता उशाला बसू व्हय तुमच्या? आजपातूर कुटं बसले हुते मग? सिनेमाला?”

“डॉक्टरनं सांगितलंय...”

“तुमी किती येळा सोडली? आपल्या अश्वीच्या लग्नात सोडली, शिर्डीला बाबांम्होरं सोडली, माझ्या आईच्या तेराव्याला सोडली. परत्येक येळी मी धरून बसले आनि तुमी सोडून मोकळे झाले. आता मी पहारेकरी व्हनार न्हाई. तुमी बोलायला लागले की माझे कानच बंद व्हत्यात.”

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती थकून बोलली.

मग मी मित्रांकडे गेलो. माझे मित्र मनाने फार मोठे आहेत. ज्याला म्हणावं, ‘आठवडाभर माझ्याकडं येऊन राहा, मला पिऊ देऊ नको’, तो डोळ्यांत पाणी आणून म्हणे, “तुज्यासाटी काय पन भान्या. येतो की. येताना काय घेऊन येऊ?”

मुलगी अश्विनी शिर्डीला असते. जावयाचं हारफुलांचं दुकान. फोनवर म्हणाली, “पप्पा, मी येते. पण आईला विचारलं का?” मी विचारलं म्हणालो. आई नाही म्हणाली, हेही तिने काढून घेतलं. मग म्हणाली, “मग मी नाही येत. मी आले तर आईला कायमची सुटी मिळेल, आणि तुम्हाला पण.” कोणावर गेली आहे कोण जाणे. माझ्यावर तर नाही.

आण्णा म्हणाले, “दिवसा मी बसतो. गाडीनं रोज डॉक्टरकडं न्हेतो. पर रातचं मानूस घरचंच पायजे. तुजा सौदा घरीच हाय.”

केडगावची खोली

त्या आठवड्यात रिपोर्ट बरे आले, आणि आण्णा मला नगरजवळच्या केडगावला एका खोलीत घेऊन गेले. दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक तिथे संध्याकाळी बसतात. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, थर्मासमध्ये चहा. मला वाटलं होतं प्रवचन असेल. प्रवचन नव्हतं. कारखान्यातला एक फिटर उठला आणि त्याने सांगितलं की काल त्याला दारूच्या दुकानासमोरून जायचं नव्हतं म्हणून तो उगीचच दोन गल्ल्या फिरून घरी गेला, आणि घरी पोचल्यावर भाजी आणायची विसरला म्हणून बायकोचं बोलणं खाल्लं. सगळे हसले. मग एक मास्तरीणबाई बोलल्या. त्या आईच्या औषधाच्या बाटलीत दारू ठेवायच्या. कोणी हसलं नाही.

माझी पाळी आली. ज्याने आंधळ्या म्हशी डोळस म्हणून विकल्या, त्या मला शब्द सापडेना. मी म्हटलं, “मी भानुदास.” आणि बसलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या लहान भाषणाला टाळ्या मिळतात हे आमच्या पुढाऱ्यांना कळायला हवं.

परतताना आण्णा म्हणाले, “घरी गेल्यावर शपथ घिऊ नको. बोलून तू वहिनीला लई दिलंय.”

म्हणून मी घरी आलो आणि गप्प राहिलो. चाऱ्याच्या कुट्टीत हात घातला, एक बाटली काढली. पंपाच्या पेटीमागून एक. पेंडीच्या पोत्यातून एक. ओट्यावर ओळीने मांडल्या. आण्णांनी सांगितलं होतं, उपचार सुरू होईपर्यंत लागेल तेवढी डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे आण्णांकडे ठेवायची, बाकीची घरात नको.

विमल दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, “टाकीतली ऱ्हायली.”

टाकीतली मी स्वतःच विसरलो होतो. काढली.

“तितं केडगावला काय बोलले?”

“काही नाही. नाव सांगितलं.”

“तुमी? नुसतं नाव?” तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं पाहुणीचे दात पाहिले होते. “आनि आता मला काय सांगनार?”

“काही नाही.”

ती आत गेली. मला वाटलं, संपलं. बाहेर आली ती हातात रुमाल घेऊन. माझा बाजारचा मळका रुमाल नव्हता. ट्रंकेतला, घडी न मोडलेला पांढरा. तिने अंगणातल्या खाटेवर माझ्यासमोर बसून हात पुढे केला.

बाया रुमाल टाकत नाहीत. मी पाहिलेल्या बाजारात तरी कधी नाही. पण दलालाची बायको इतकी वर्षं डोळे मिटून नव्हती.

“टाका,” ती म्हणाली.

मी रुमाल टाकला. तिचा हात राबलेला, खरखरीत, दुधाचा वास असलेला. मी माझी पाचही बोटं तिच्या हातात दिली. सगळं देतो, कायमचं देतो, असा माझा भाव.

तिने एकेक बोट माझ्याच तळव्यात परत मिटवलं. करंगळी, तिच्या शेजारचं, मधलं, अंगठा. एकच बोट धरून ठेवलं.

“येक दिस,” ती म्हणाली. “उद्याचा उद्या परत टाकायचा. हाय कबूल?”

मी पेर दाबलं नाही. भाव चढवला नाही. बोट कापत होतं, तरी तिने ते थरथरीसकट धरलं. रुमाल काढला आणि उठताना म्हणाली, “डॉक्टरला फोन लावा. मानूस मिळालं म्हना.”

पांढरे दिवस

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. ते धुक्यातून जाणाऱ्या कळपासारखे आहेत, घंटा ऐकू येतात आणि जनावर दिसत नाही. गोळ्या विमलच्या कमरेच्या पिशवीत. ठरल्या वेळी ती हातावर गोळी ठेवी आणि तोंड उघडून दाखवायला लावी. सकाळी आण्णांची गाडी, डॉक्टरीणबाई, इंजेक्शन, परत निंबाखालची खाट. घामाने अंथरूण भिजायचं, मग सावलीतही थंडी वाजायची. भूक मेलेली. विमल ज्वारीची पेज करून वाटीत अर्धीच भरायची. अर्ध्या मापाची ही युक्ती तिला आण्णांनी सांगितली असावी, किंवा तिला आधीपासूनच येत असावी.

दुपारी डोळा लागला की बाजार दिसायचा. सगळा बाजार, पण आवाज नाही. माणसं, म्हशी, टेम्पो, धूळ, सगळं जागच्या जागी, आणि सगळ्यांच्या हातांवर मिळून एकच प्रचंड पांढरा रुमाल, वाऱ्याने फुगलेला. त्याखाली हजारो हात कोणाशी तरी काहीतरी ठरवत असायचे. मी माझा हात शोधत फिरायचो. प्रत्येक वेळी कोणीतरी माझं एक बोट धरायचं आणि मी जागा व्हायचो. जागा झालो की अंगावर निंबाचा मोहोर पडलेला असायचा, आणि समोर पाहुणी.

एकदा मी म्हणालो, “विमल, ती म्हैस माझ्याकडं बघून हसतेय.”

विमलचा चेहरा पडला. डॉक्टरने सांगितलेलं तिला पाठ होतं, नसलेलं दिसलं की फोन. तिने लावला. बाईंनी ताप विचारला, माझ्याकडून वार आणि गाव वदवून घेतलं, मग म्हणाल्या, “म्हैस खरंच आहे का तिथे?”

“हाय की.”

“मग तुम्ही बघून सांगा, हसते का.”

विमल गेली, पाहुणीसमोर उभी राहिली, बराच वेळ पाहत राहिली. परत येऊन फोनमध्ये म्हणाली, “बाई, तिचं तोंडच तसं हाय.”

फोनवर बाई हसल्या. विमलही हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते हसू मी किती दिवसांनी ऐकलं, ते आठवायचा प्रयत्न केला आणि आठवेना म्हणून ऐकतच राहिलो.

भीती होतीच. छातीत कोणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत असल्यासारखी. एका दुपारी मी उठून चपला घातल्या. कुठे निघालो ते मला माहीत होतं, तिलाही. तिने अडवलं नाही. फक्त खाटेवरचा रुमाल उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “दिस मावळायचा हाय अजून.” मी चपला काढल्या. आण्णा शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटून म्हणाले, “मी तर चपला घालून येशीपातूर गेल्तो. तू लवकर आलास.”

हे सगळं लिहितोय ते कोणीतरी सकाळी कप दोन हातांनी धरत असेल म्हणून. त्याला माझं एवढंच सांगणं आहे. स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरला खरा आकडा सांगा. नाही सांगवला तरी जा, ते दुप्पट धरतात. आणि खुर्च्या मांडलेली एखादी खोली शोधा. केडगावला मी अजून जातो. आता दोन-तीन वाक्यं बोलतो. टाळ्या कमी झाल्या आहेत.

शेवटची गोळी

गोळ्या कमी होत होत संपल्या. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा हात पुढे करायला सांगितले. मी केले. पाहिले. माझेच होते.

“ही सुरुवात आहे, विसरू नका,” त्या मला म्हणाल्या. मग विमलकडे वळल्या. “ताई, आता रात्री तुम्ही झोपा. तुमची ड्यूटी संपली.”

विमलने नुसती मान हलवली. घरी आल्यावर धारा काढल्या, पाहुणीला पाणी दाखवलं. पाहुणीला विकायचा विषय कोणी काढत नाही. ती आता गोठ्यात सगळ्यात जास्त दूध देते, आणि माझ्या बोटांनी केलेला तो एकमेव फायद्याचा सौदा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलने चुलीवर चहा ठेवला आणि रोजच्यासारखी रुमाल घेऊन खाटेवर येऊन बसली. मी एक बोट पुढे केलं, तिने धरलं, वर रुमाल पडला.

रुमालाखाली थरथर होती.

सवयीने मला वाटलं, माझीच. म्हणजे परत? मी बोट ताठ केलं. बोट स्थिर होतं. तरी रुमाल हलत होता, बारीक, पाण्यावर वारा आल्यासारखा.

मी वर पाहिलं. विमल माझ्याकडे पाहत नव्हती. निंबाकडे पाहत होती, चेहरा नेहमीसारखा, काही घडलं नसल्यासारखा. मी उताणा पडलो होतो, ओरडलो होतो, चपला घातल्या होत्या, त्यातल्या एकाही वेळी हा हात हलला नव्हता. गोळी देताना नाही. फोन लावताना नाही.

माझ्या तोंडाशी शंभर शब्द आले. मी त्यातला एकही काढला नाही. हळूच बोट सोडवलं आणि तिचा सगळा हात माझ्या हातात घेतला. पाचही बोटं.

आत चहा उतू गेला. चुलीवर चर्र झालं, जळका वास अंगणात आला. दोघांनाही ऐकू आलं होतं.

“सोडू नका येवढ्यात,” ती म्हणाली.